तिसऱ्या बरणीवरचं नाव

वर्षाली: आप्पा, बरण्यांतल्या चिठ्ठ्या कुठे गेल्या?

ज्योतीराम: काढल्या मी. आत भिजून लगदा व्हायला आल्या होत्या. बाहेरून नवीन लेबलं लावलीत बघ. मोठ्या अक्षरात, स्केचपेननं. लांबून दिसतंय आता.

वर्षाली: काढून टाकल्या कुठे?

ज्योतीराम: टाकीन कसा? गॅलरीत वाळत घातल्यात, ताटाखाली. वाऱ्यानं उडायला नकोत. तुझं तोंड का उतरलं?

वर्षाली: ती चिठ्ठी भिजायलाच असते आप्पा. साधा कागद नाही तो. पेन्सिलीनं लिहिलेलं स्पिरिटमध्ये वर्षानुवर्षं राहतं. आणि तुमचं स्केचपेन बघा. एक थेंब लागला की... गेलं.

ज्योतीराम: पुसतंय खरं.

वर्षाली: आमच्या संस्थेत सगळ्यात आधी हेच शिकवतात. बरणीतली चिठ्ठी काढायची नाही. नाव बदललं तर नवीन चिठ्ठी लिहून जुनीच्या शेजारी टाकायची.

ज्योतीराम: जुनी चुकीची असली तरी?

वर्षाली: तरी. ते नाव कुणी दिलं होतं, कधी दिलं होतं, ते राहिलं पाहिजे.

ज्योतीराम: आमच्यात उलटं. आधी पिंपरी, मग चाकण, उभा जन्म स्टोअरमध्ये गेला माझा. पार्टचा नंबर बदलला की जुनं लेबल तिथल्या तिथं फाडायचं. एका खोक्यावर दोन लेबलं दिसली की ऑडिटवाला खोकं बाजूला काढणार आणि मला शेजारी उभा करणार.

वर्षाली: माझ्या बरण्यांना ऑडिट नाही. आणा त्या चिठ्ठ्या... या दोनच आहेत. तिसरी?

ज्योतीराम: तिसरीतली काढली नाही. आत आहे बघ.

वर्षाली: आहे. पण बाहेरून लेबलही नाही लावलंत हिला.

ज्योतीराम: नाही लावलं. नाव चुकलंय तिच्यावर.

वर्षाली: कुठलं नाव?

ज्योतीराम: तेवढं इंग्रजी येतं मला. पहिल्या बरणीवर देवबाग. दुसरीवर काहीतरी लांबलचक.

वर्षाली: पिवळी, असा अर्थ आहे त्याचा.

ज्योतीराम: असेल. आणि तिसरीवर कस्तुरा, त्याला शेपूट लावलेलं.

वर्षाली: शेपूट नाही. बाईच्या नावावरून ठेवलं की शेवट तसा करायचा असतो. आईच्या नावानं ठेवलंय ते. उद्याचं वर्षश्राद्ध झालं की तुम्हाला सांगणार होते.

ज्योतीराम: तुझ्या आईचं नाव यशोदा.

वर्षाली: ते लग्नानंतरचं.

ज्योतीराम: मग बाईचं दुसरं कोणतं धरतात? आधारकार्डावर यशोदा ज्योतीराम. गॅसच्या पुस्तकावर यशोदा. मृत्यूच्या दाखल्याला मीच लिहून दिलं, यशोदा. उद्या गुरुजी नाव आणि गोत्र विचारतील, तिथंही यशोदाच सांगणार आहे. आणि तू बरणीवर भलतंच लिहून बसलीस.

वर्षाली: चहा ठेवू का?

ज्योतीराम: चहा नको. आधी मला हे सांग, तो स्पंजच ना? भांडी घासायचा?

वर्षाली: भांडी घासायचा कारखान्यात होतो. हा प्राणी आहे. समुद्रातला.

ज्योतीराम: प्राणी. डोळे कुठायत?

वर्षाली: नसतात.

ज्योतीराम: तोंड?

वर्षाली: तेही नाही. पोट नाही, काळीज नाही. अंगभर बारीक भोकं असतात. त्यातून पाणी आत घ्यायचं, खाण्यासारखं असेल ते ठेवायचं आणि पाणी वरच्या मोठ्या भोकातून सोडून द्यायचं. रात्रंदिवस तेच.

ज्योतीराम: चालतं तरी का?

वर्षाली: नाही. पिल्लू असताना थोडं पोहतं. एकदा खडकाला चिकटलं की जन्मभर तिथंच.

ज्योतीराम: आणि असल्याला तुझ्या आईचं नाव. ती कधी एका जागी बसलेली बघितलीस? टीव्हीसमोर बसली तरी हातात लसूण असायचा सोलायला. शेजारच्या केसरबाईंना कळलं तर त्या काय म्हणतील? आधीच सकाळी दारात येऊन विचारून गेल्या, भाऊ, घरातून दारूचा वास कसा येतोय, तेही श्राद्धाच्या तोंडावर.

वर्षाली: मग तुम्ही काय सांगितलंत?

ज्योतीराम: म्हटलं, माझी नाही, पोरीची आहे.

वर्षाली: आप्पा.

ज्योतीराम: बोलून गेल्यावर कळलं मला. तोवर त्या जिना उतरल्या होत्या.

वर्षाली: हे बघा, हे नाव मी उगाच नाही दिलेलं. ही तिसरी तिलाच सापडलीय.

ज्योतीराम: कुणाला?

वर्षाली: आईला. माझ्याबरोबर देवबागला आली होती ना, ती आजारी पडायच्या आदल्या वर्षी. ओहोटी लागली की आम्ही खडकांवर उतरायचो आणि ती काठावर डबे सांभाळत बसायची. पहिल्या दिवशी बसली. दुसऱ्या दिवशी साडी खोचून आली खाली. पाय घसरला, आधाराला हात गेला तो खडकाच्या पोटात. तिथूनच ओरडली, वर्षे, इथं काहीतरी मऊ आहे, दाबलं की परत फुगतंय, जितं आहे का बघ.

ज्योतीराम: घसरली होती? मला बोलली नाही.

वर्षाली: सांगू नको म्हणाली. परत पाठवणार नाहीत म्हणाली.

ज्योतीराम: नसतंच पाठवलं. लागलं होतं का?

वर्षाली: कोपर खरचटलं होतं.

ज्योतीराम: मला म्हणाली, बसच्या खिडकीला घासलं.

वर्षाली: तिथं खडकाखाली शेंदरासारखी लाल होती ही. आता बघा.

ज्योतीराम: आता तर लादी पुसायच्या चिंधीसारखी दिसतेय.

वर्षाली: स्पिरिटमध्ये रंग जातोच. म्हणून जिवंतपणी रंग कसा होता, हाताला कसं लागत होतं, ते तिथल्या तिथं लिहून ठेवायचं असतं. नंतर कुणी सांगू शकत नाही.

ज्योतीराम: मग रंग गेल्यावर ओळख कशावरून पटवायची?

वर्षाली: काट्यांवरून. या, इथं मायक्रोस्कोपला डोळा लावा. तुकडा कपड्यांच्या ब्लीचमध्ये टाकला की मांस विरघळतं आणि काटे तेवढे उरतात. काचेचे काटे.

ज्योतीराम: काही दिसत नाही. अंधार आहे.

वर्षाली: पापणी मिटलीय तुमची. दुसरा डोळा मिटा.

ज्योतीराम: हां. टाचण्या आहेत की. डोकं असलेल्या टाचण्या. कुणी डबी सांडल्यासारख्या.

वर्षाली: टाचण्या पुष्कळ जातींत असतात. त्यांच्यामधे बारीक काही दिसतंय?

ज्योतीराम: चांदण्या. पण या मोडक्यात. एक हात आखूड आहे.

वर्षाली: मोडक्या नाहीत, सगळ्या तशाच आहेत. आखूड हाताची चांदणी आजवर कुणी लिहिलेली नाही. दोन वर्षं मी तेच करत होते. जुनी वर्णनं शोधून काढायची, काट्याला काटा ताडून बघायचा. कुणाशीच जुळलं नाही तेव्हा नवीन म्हणता आलं. आता माझा लेख तपासणाऱ्यांनी पुन्हा मापं मागितली, म्हणून तर हा संसार उचलून घरी आणला. मूळ नमुने संस्थेतच आहेत, हे नुसते तुकडे.

ज्योतीराम: आणि एखाद्याशी जुळलं असतं तर?

वर्षाली: तर आपलं नाव पडलं. आधी ज्यानं ठेवलं त्याचं चालतं. मग तो शंभर वर्षांपूर्वीचा का असेना. पहिलं नाव वर, नंतरची त्याच्या खाली. खोडायचं मात्र एकही नाही. प्रत्येक नाव कुणी ठेवलं तेही शेजारी लिहायचं.

ज्योतीराम: पहिलं ते वर. म्हणून तू कस्तुरा धरलंस होय?

वर्षाली: म्हणून असं नाही. पण हो, तेही होतं मनात.

ज्योतीराम: मग मी पण एक विचारतो. तुमच्यात एका घरात दोघींना एकच नाव चालतं का?

वर्षाली: एका घरात म्हणजे?

ज्योतीराम: लेबलावर नाव दोन भागांत आहे ना. पहिला भाग घराण्याचा असं तूच मागे म्हणाली होतीस. त्या एका घराण्यात दोन कस्तुरा चालतील?

वर्षाली: नाही चालत. एका घराण्यात एक नाव एकदाच. नंतर आली तिचं बदलावं लागतं.

ज्योतीराम: मग झालं तर. माझ्या थोरल्या भावाची बायको कोण? तुझी थोरली काकू?

वर्षाली: कस्तुराकाकू.

ज्योतीराम: ती आधी आलेली. तुझ्या आईचं स्थळ आलं, तिचंही नाव तेच. एका चुलीवर दोन कस्तुरा म्हटल्यावर माझ्या आईनं हाक कुणाला मारायची आणि ओ कुणी द्यायची? लग्नात ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं नाव लिही म्हणाले. सगळे आपापलं सुचवत होते. मी कुणाचं ऐकलं नाही, यशोदा लिहिलं. ते नाव मी ठेवलेलं आहे. आता सांग, तुझ्या नियमात बसतंय की नाही?

वर्षाली: बसतंय.

ज्योतीराम: बसतंय ना?

वर्षाली: अगदी बसतंय. पण त्या नियमाला पुढे आणखी एक ओळ आहे.

ज्योतीराम: असणारच. कंपनीतही असंच असायचं, आपल्या बाजूचं वाचून झालं की पान उलटायचे.

वर्षाली: राहू दे मग.

ज्योतीराम: आता सांग. अर्धं ठेवू नको.

वर्षाली: दोघी निरनिराळ्या घराण्यांत नाव मिळालेल्या. पुढे कुणीतरी त्यांना एका घराण्यात आणलं, म्हणून दुसरीचं नाव बदललं. इथवर तुमचं बरोबर. पण नंतर ती दुसरी पुन्हा वेगळ्या घराण्यात गेली, तर तिथं तिच्या नावाची कुणी नसते. मग तिचं पहिलं नाव तिला परत द्यायचं असतं.

ज्योतीराम: कुणी मागितलं तर?

वर्षाली: न मागता. द्यावंच लागतं.

ज्योतीराम: आम्ही भावाचं घर सोडून इथं चिखलीला आलो तेव्हा तू झाली नव्हतीस.

वर्षाली: इथं होती का दुसरी कस्तुरा?

ज्योतीराम: इथं कुणीच नव्हतं. पत्र्याची खोली, एक स्टोव्ह, आणि आम्ही दोघं. मी पहिल्या शिफ्टला गेलो की दिवसभर तिला हाक मारायलासुद्धा माणूस नव्हतं.

वर्षाली: मग तेव्हा का नाही परत दिलंत?

ज्योतीराम: आता काय सांगू. कुणाच्या डोक्यात आलंच नाही. रेशनकार्डावर यशोदा चढलं होतं. आणि मलाही ते गोड लागायचं. मी ठेवलेलं होतं ना.

वर्षाली: ती कधी काही बोलली नाही?

ज्योतीराम: मला नाही. तुला बोलली का?

वर्षाली: देवबागला. मी सहज म्हटलं, ही नवीन निघाली तर तुझं नाव देते हिला. तर म्हणाली, कोणतं?

ज्योतीराम: मग?

वर्षाली: मग काही नाही. हसली आणि पदर पिळत बसली.

ज्योतीराम: कोणतं ते नाही सांगितलं.

वर्षाली: नाही. मीही विचारलं नाही. म्हटलं, आधी नवीन तर निघू दे, मग विचारू.

ज्योतीराम: तुझा फोन वाजतोय बघ. मामा असेल.

(वर्षाली फोन स्पीकरवर टाकते.)

दत्तोबा: हॅलो, वर्षे, म्या मामा बोलतोय. यस्टीतनं उतरून शिवाजीनगरच्या फलाटावर हुबा हाय. आता कुठं उतरायचं म्हणलीस, कासारवाडी का पिंपरी?

वर्षाली: पिंपरीला मामा. कासारवाडीला उतरू नका, तिथून लांब पडेल. आप्पा येतील घ्यायला.

दत्तोबा: दाजी हायेत का जवळ? दाजी, ऐकताय नव्हं?

ज्योतीराम: ऐकतोय. बोला.

दत्तोबा: आमच्या घरनं हुलग्याचं पीठ दिलंय. उद्या शेंगुळी करून ताटात वाढा म्हणली. चालंल का? न्हाईतर तुमचा गुरुजी म्हणायचा, हे न्हाई चालत, ते न्हाई चालत.

ज्योतीराम: शेंगुळी कशाला?

दत्तोबा: कशाला म्हंजी? कस्तुराला लई आवडायची. ल्हानपनी शेंगुळी केली की ताटावरनं उठायची न्हाई ती. माझ्या वाटणीची बी खायची.

ज्योतीराम: इथं कधी केली नाही तिनं.

दत्तोबा: तुमच्या घरात कुनाला हुलगं आवडत नसतील, म्हून नसंल केली. बरं, गाडी आली वाटतं. ठेवतो. पिंपरी म्हणलीस ना?

वर्षाली: पिंपरी मामा. पिंपरी.

ज्योतीराम: ठेवला का त्यानं?

वर्षाली: ठेवला.

ज्योतीराम: हुलगे मला आवडत नाहीत. लग्न झालं त्या महिन्यात एकदा बोललो होतो.

वर्षाली: मलाही माहीत नव्हतं तिला शेंगुळी आवडतात ते.

ज्योतीराम: दवाखान्यात त्या शेवटच्या दिवशी तू गाडीत होतीस, वाटेत. सकाळपासून मी हाका मारत होतो. यशोदा, अगं यशोदा. नर्स पण म्हणत होती, यशोदाबाई, डोळे उघडा. काही नाही. दुपारी दत्तोबा आला. दारातूनच म्हणाला, कस्तुरे, म्या आलोय गं. तर तिनं मान फिरवली. डोळे उघडले. त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

वर्षाली: मला हे कुणीच सांगितलं नाही.

ज्योतीराम: तो सांगतो गावभर, माझ्या आवाजानं बहिणीला जाग आली म्हणून. मी काही बोलत नाही. मला माहीत आहे कशानं आली.

वर्षाली: आप्पा, गुंगीत होती ती. असं होतं माणसाचं. लहानपणचंच तेवढं आत पोचतं.

ज्योतीराम: होत असेल. पण तेव्हापासून ते नाव निघालं की वाटतं, आपण इतकी वर्षं हाक मारत होतो ती कुणाला? आणि तू तेच छापायला निघालीस. जगभर. त्यात मी कुठे आहे मग?

वर्षाली: तुमच्याकडेही बघितलं ना तिनं?

ज्योतीराम: बघितलं. ते बघितलं.

वर्षाली: अजून काही बिघडलेलं नाही. संध्याकाळी पाठवायचंय. एकदा छापलं की मलाही नाव बदलता येत नाही, पण आत्ता येतं. तुम्ही म्हणाल तर यशोदा करते. रुसून नाही म्हणत, खरंच करते. दोन्ही तिचीच नावं.

ज्योतीराम: मग कस्तुरा कुठे जाईल?

वर्षाली: मामा आहेत तोवर मामांच्या तोंडी राहील.

ज्योतीराम: आणि कस्तुरा ठेवलं, तर यशोदा?

वर्षाली: वर्णनाच्या शेवटी एक परिच्छेद असतो, नाव कुणावरून ठेवलं त्याचा. त्यात लिहिता येईल.

ज्योतीराम: तसं उलटही करता येईल. यशोदा वर, ते खाली.

वर्षाली: येईल की.

ज्योतीराम: पण तुझ्या नियमात बसणार नाही.

वर्षाली: नियम स्पंजांचा आहे आप्पा. माणसांना लागू नाही.

ज्योतीराम: तेवढं कळतं मला. काय लिहिलंयस त्या परिच्छेदात? मराठीत सांग.

वर्षाली: "हे नाव लेखिकेची आई कस्तुरा हिच्या स्मरणार्थ दिले आहे. हा नमुना प्रथम तिच्या हाती लागला."

ज्योतीराम: घसरली ते नाही लिहिलंस?

वर्षाली: ते नाही लिहिलं.

ज्योतीराम: बरं केलंस. पुढे लिही. लग्नानंतर तिचं नाव यशोदा होतं.

वर्षाली: लिहिलं.

ज्योतीराम: ते तिच्या नवऱ्यानं ठेवलं होतं.

वर्षाली: तुमचं नाव घालू?

ज्योतीराम: नको. म्हणजे, नाव कुणी ठेवलं ते लिहायचं असतं म्हणालीस ना?

वर्षाली: असतं.

ज्योतीराम: मग घाल.

वर्षाली: "लग्नानंतर ती यशोदा या नावाने ओळखली जात असे. हे नाव तिचे पती ज्योतीराम यांनी ठेवले." बरोबर?

ज्योतीराम: ओळखली जात असे नको. कोण ओळखत होतं तिला एवढं? तिला यशोदा म्हणून हाक मारत, असं लिही.

वर्षाली: केलं. म्हणजे वर कस्तुराच राहू दे?

ज्योतीराम: राहू दे ते.

वर्षाली: ते म्हणजे?

ज्योतीराम: बरणीवर आहे ते. आता मला तुझा तो कागद आणि पेन्सिल दे. यशोदा लिहून देतो, ती चिठ्ठी टाक तिसरीत, जुनीच्या शेजारी. आणि या दोन वाळल्यात, ज्याच्या त्याच्या बरणीत परत घाल.

वर्षाली: घालते. पण आप्पा, आता राहू दे म्हणतानाही तुम्ही ते नाव टाळलंत. लेबलावरचं म्हणून घेतलंत, काकूचं म्हणून घेतलंत, आईला लावून नाही.

ज्योतीराम: तिला त्या नावानं कधी हाकच मारली नाही. लग्नाआधी बोलणं नव्हतं आणि लग्नात बदललं. तोंडाला सवय नाही.

वर्षाली: म्हणूनच एकदा म्हणून बघा.

ज्योतीराम: मामा पोचेल आता. गाडीची किल्ली कुठे ठेवलीस?

वर्षाली: फ्रिजवर. उद्या गुरुजींनी नाव विचारलं तर काय सांगायचं?

ज्योतीराम: कस्तुरा.

वर्षाली: आलं की.

ज्योतीराम: कुठलं आलं. डोळ्यांपुढे वहिनीच उभी राहते अजून. पिंपरीला जाऊन येतो, तोवर बसेल तोंडात.